अँटेनाची दिशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गच्चीवरून हाक यायची, ‘आलं का?’ आणि खालून उत्तर जायचं, ‘मुंग्याच आहेत अजून. थोडं डावीकडे!’ ज्यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत मुंबई-पुण्यात टीव्ही पाहिला, त्यांना हा संवाद समजावून सांगायला नको. मुंबईकरांच्या अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या असत, पुणेकरांच्या सिंहगडाकडे. वारा सुटला, कावळा बसला, पतंगाचा मांजा अडकला की दिशा बिघडायची आणि घरातल्या एकाला गच्ची गाठावी लागायची. आमच्या घरात तो मान माझ्याकडे होता.

१९८३च्या मे महिन्यातली एक रात्र मला चांगली आठवते. मुंबई केंद्राचा कार्यक्रम संपला होता. आमच्या दादरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा हौशी गृहस्थ. सोल्डरिंगची बंदूक आणि जुने रेडिओ यांच्यातच त्यांचा जीव. त्यांनी आमच्या संचाचं गोल बटण चार नंबरवरून खटखट करत पुढे फिरवलं. एका ठिकाणी मुंग्यांच्या आड काहीतरी हललं. मला वर पिटाळण्यात आलं. अँटेना पश्चिमेला, समुद्राकडे वळवली आणि खालून एकच गलका झाला. धावत आलो तर पडद्यावर डोक्याला पांढरं वस्त्र आणि काळी दोरी गुंडाळलेले एक गृहस्थ बातम्या देत होते. खाली उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं. कुणी म्हणालं दुबई, कुणी म्हणालं मस्कत. वाद मिटला नाही. चार-सहा रात्री ते चित्र येत-जात राहिलं. पाऊस आला आणि ते गेलं.

हा चमत्कार नव्हता. टीव्हीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे ऐंशी-शंभर किलोमीटरच्या पलीकडे त्या आपल्या डोक्यावरून निघून जातात. पण उन्हाळ्यात अरबी समुद्रावर वेगळंच घडतं. पाण्यालगत दमट आणि त्यामानाने थंड हवेचा थर असतो, त्याच्यावर वाळवंटाकडून आलेली गरम, कोरडी हवा पसरते. या दोन थरांच्या सांध्यावर लहरी खाली वाकतात आणि एखाद्या बोगद्यातून जाव्यात तशा दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या रडारला उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते. आखातातल्या काही देशांची टीव्हीची पद्धत आपल्यासारखीच होती, म्हणून आमच्या संचाला चित्रही कळलं आणि आवाजही.

त्या रात्रीनं माझ्या डोक्यात एक किडा सोडला. आपल्याला जो टीव्ही दिसतो तो आपण निवडलेला असतो का? की आपल्या अँटेनाला जो मनोरा सापडतो, तोच आपल्या वाट्याला येतो? आमच्या बाबतीत तो हवामानाचा खेळ होता आणि चार रात्रींत संपला. पण जगात अशी ठिकाणं होती, जिथे लोकांनी वर्षानुवर्षं शेजारच्या देशाचा टीव्ही पाहिला. त्यातल्या तीन ठिकाणांची गोष्ट आज सांगायची आहे.

पहिलं ठिकाण जर्मनी. महायुद्धानंतर या देशाचे दोन तुकडे झाले आणि १९५२च्या डिसेंबर महिन्यात दोन्हीकडे चार दिवसांच्या अंतरानं टीव्ही सुरू झाला. पूर्वेकडे २१ डिसेंबरला, म्हणजे स्टालिनच्या वाढदिवशी. पश्चिमेकडे २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी. मुहूर्तावरूनच कोण कुठल्या घरचा ते कळावं. मात्र लहरींना फाळणी ठाऊक नव्हती. पश्चिम बर्लिन तर पूर्व जर्मनीच्या पोटातच होतं. पश्चिमेकडच्या मनोऱ्यांचे कार्यक्रम पूर्व जर्मनीच्या बहुतेक भागांत स्वच्छ दिसत.

१९६१च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. माणसं अडवली, आता लहरी अडवायच्या होत्या. पश्चिम जर्मनीत सरहद्दीजवळ ओक्सेनकोप्फ नावाचा डोंगर आहे. या नावाचा अर्थ बैलाचं डोकं. त्याच्या माथ्यावरचा मनोरा पूर्वेकडे फार आत दिसत असे. त्याच डोंगराच्या नावानं पूर्वेकडच्या सरकारी युवक संघटनेनं मोहीम काढली. तरुण मुलं छपरांवर चढून पश्चिमेकडे तोंड केलेल्या अँटेना फिरवू लागली, काही ठिकाणी तर त्या कापूनच टाकल्या. लोकांनी मग अँटेना माळ्यावर, कौलांच्या आत लपवल्या. त्या काळच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते. शाळेत बाई लहान मुलांना सहज विचारत, ‘तुमच्या घरी टीव्हीवर बातम्यांच्या आधी घड्याळ दिसतं ना, त्याच्यावर ठिपके असतात की रेघा?’ मूल निरागसपणे उत्तर देई आणि घरी कुठला टीव्ही चालतो ते बाईंना कळे.

लहान मुलांच्या बाबतीतली चढाओढ तर आणखी मजेची. मुलांना झोपवण्याआधी डोळ्यांत वाळू टाकणारा एक बुटका म्हातारा जर्मन लोककथांत आहे. १९५९च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीनं त्याच्यावर बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्याच महिन्यात पश्चिमेनं आपला. दोन देशांचे दोन म्हातारे तीस वर्षं शेजारी शेजारी मुलांना झोपवत होते. दोन्ही देश एक झाले, तेव्हा पूर्वेकडची बहुतेक सगळी चिन्हं पुसली गेली. पण हा झोपवणारा म्हातारा टिकला तो मात्र पूर्वेकडचाच.

सरकारचा दुसरा उपाय म्हणजे उत्तर देणं. १९६०पासून दर सोमवारी संध्याकाळी कार्ल-एडुआर्ड फॉन श्निट्झलर नावाचे गृहस्थ पश्चिमेकडच्या कार्यक्रमांचे तुकडे दाखवून त्यांचा समाचार घेत. त्याच्या आधी एखादा जुना, लोकप्रिय सिनेमा लागे, म्हणजे प्रेक्षक जागेवर सापडावेत. लोकांनी यावर विनोद केला होता. निवेदिका त्यांचं नाव पुरतं उच्चारायच्या आत, ‘श्निट्झ’ एवढ्यातच, लोक उठून बटण फिरवत. हा कार्यक्रम ३० ऑक्टोबर १९८९पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं चालला. शेवटी शेवटी सरकारनंही नाद सोडला होता. १९७३मध्ये होनेकर यांनी स्वतःच सांगून टाकलं की पश्चिमेचा टीव्ही ज्याला हवा तो लावू शकतो, नको तो बंद करू शकतो.

आता यातली खरी गंमत. पूर्व जर्मनीत दोन भाग असे होते, जिथे पश्चिमेचा टीव्ही दिसत नसे. एक ईशान्येकडचा कोपरा आणि दुसरा ड्रेस्डेन शहराचा परिसर. ड्रेस्डेन एल्ब नदीच्या खोऱ्यात आहे, मनोऱ्यांपासून दूर. बाकीचे लोक या भागाला चिडवून ‘अजाण लोकांचं खोरं’ म्हणत. पश्चिमेच्या ‘एआरडी’ वाहिनीच्या आद्याक्षरांचा अर्थही त्यांनी ‘ड्रेस्डेन परिसर वगळून’ असा लावला होता.

तुम्हांला-मला काय वाटेल? ज्यांना पश्चिमेची झगमग रोज दिसते ते आपल्या सरकारवर जास्त चिडलेले असतील आणि अजाण खोऱ्यातले लोक गप्प असतील. होल्गर केर्न आणि येन्स हाइनम्युलर या दोन अभ्यासकांनी त्या काळी गुप्त ठेवलेल्या पाहण्या तपासल्या आणि २००९मध्ये निष्कर्ष मांडला तो अगदी उलटा. पश्चिमेचा टीव्ही पाहणारे लोक आपल्या राजवटीवर थोडे जास्तच समाधानी होते. देश सोडून जाण्याची परवानगी मागणारे अर्ज ड्रेस्डेनकडून जास्त येत होते. त्यांनी दिलेलं कारण साधं आहे. लोक तिकडच्या बातम्यांपेक्षा तिकडच्या मालिका, गाणी आणि सिनेमे यांसाठी बटण फिरवत. दिवसभर रांगा लावून कंटाळलेला माणूस रात्री आठ वाजता मनानं देश सोडून जाई आणि अकराला परत येऊन झोपी जाई. ज्याला ही सोय नव्हती, त्याला खरोखरच निघून जावंसं वाटे.

परदेशी मालिकांनी राजवटी उलथतात असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण लगेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ९ नोव्हेंबर १९८९च्या संध्याकाळी पूर्व बर्लिनमध्ये पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांनी प्रवासाच्या नव्या नियमांबद्दल गोंधळलेलं निवेदन केलं. पश्चिमेच्या टीव्हीनं त्यावरून सीमा खुली झाल्याची बातमी दिली. रात्री पावणेअकराच्या सुमाराला तिथल्या वृत्तनिवेदकानं भिंतीचे दरवाजे सताड उघडे असल्याचं सांगितलं, तेव्हा ते प्रत्यक्षात उघडलेले नव्हते. पण पूर्वेकडच्या घराघरांतून ही बातमी पाहून लोक दरवाजांपाशी लोटले आणि त्या गर्दीपुढे मध्यरात्रीच्या आधी दरवाजे खरोखरच उघडावे लागले. ज्या टीव्हीनं लोकांना वर्षानुवर्षं घरात बसवलं होतं, त्यानंच त्यांना एका रात्रीत घराबाहेर काढलं.

गंमत म्हणजे त्याच काळात आपणही पश्चिम जर्मन टीव्ही पाहत होतो. राक्षसांची मुखवटेवाली अवजड सोंगं आणि घसरणारे, पाण्यात पडणारे स्पर्धक असलेला ‘टेलिमॅच’ आठवतो ना? ‘द ओल्ड फॉक्स’ नावाची गुप्तहेर मालिका आठवते? या दोन्ही गोष्टी जर्मन. त्या दूरदर्शननं निवडून, वेळ ठरवून आपल्याला दाखवल्या. पूर्व जर्मनीतला माणूस त्यातला म्हातारा पोलिस अधिकारी खिडकी लावून, आवाज कमी करून पाहत असेल. दादरला आम्ही दार उघडं टाकून, शेजारपाजाऱ्यांसह पाहत होतो. कार्यक्रम एकच, पण एकाकडे तो सरकारनं आणून दिला होता आणि दुसऱ्याकडे तो सरकारला न विचारता येत होता.

दुसरं ठिकाण एस्टोनिया. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा चिमुकला देश तेव्हा सोव्हिएत संघात होता. त्याची राजधानी टॅलिन आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी यांच्यामध्ये ऐंशीएक किलोमीटरचं पाणी. १९७१मध्ये हेलसिंकीजवळ एस्पू इथं नवा उंच मनोरा उभा राहिला आणि उत्तर एस्टोनियात फिनलंडचा टीव्ही स्वच्छ दिसू लागला. परदेशी रेडिओ केंद्रांवर सोव्हिएत सरकार खरखर सोडत असे. टीव्हीच्या बाबतीत ते जमलं नाही.

तरी अडचणी होत्याच. सोव्हिएत संचांना फिनलंडचं चित्र दिसे पण आवाज येत नसे, कारण आवाजाची कंप्रता वेगळी ठेवलेली होती. रंगांचीही पद्धत निराळी. पश्चिम जर्मनी आणि फिनलंड यांची रंगीत पद्धत ‘पाल’, जी पुढे आपणही घेतली. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांनी फ्रान्सची ‘सेकाम’ घेतली. म्हणजे शेजाऱ्याचं चित्र आलं तरी काळंपांढरं. तंत्रज्ञानाच्या नावाखाली घातलेलं हे कुंपणच. पण जिथे कुंपण तिथे वाट काढणारे अण्णाही असतात. टॅलिनमध्ये हौशी कारागीर घरात बसून छोटे जोडभाग तयार करत आणि लोक ते संचात बसवून घेत. या भागाला लोक ‘फिनिश ठोकळा’ म्हणत. पूर्व जर्मनीत तर पुढे सरकारी कारखान्यांतून निघणाऱ्या संचांतच दोन्ही पद्धती येऊ लागल्या.

एस्टोनियन आणि फिनिश या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या. ऐकता ऐकता समजू लागते इतक्या जवळच्या. शिवाय फिनलंडमध्ये परदेशी कार्यक्रमांना आवाज बदलून न लावता खाली अक्षरं देण्याची रीत. त्यामुळे टॅलिनमधली मुलं अमेरिकी मालिका पाहताना कानानं इंग्रजी आणि डोळ्यांनी फिनिश शिकली. जर्मनीत मात्र प्रत्येक परदेशी पात्राच्या तोंडी जर्मन आवाज बसवतात. एकच अमेरिकी मालिका. एका देशात ती शिकवणी झाली, दुसऱ्या देशात घरचीच होऊन गेली.

ती मालिका म्हणजे ‘डॅलस’. टेक्सासच्या तेलसम्राटांच्या घरातली भांडणं, कपट, लफडी. अमेरिकेत ती १९७८ ते १९९१ चालली. मॉस्कोनं ती दाखवली नाही, पण टॅलिननं पाहिली. दक्षिण एस्टोनियात फिनलंडचा टीव्ही पोहोचत नसे. तिकडच्या नातेवाइकांना टॅलिनचे लोक भागामागून भाग पत्रांतून कळवत. याक किल्मी आणि किउर आर्मा यांनी २००९मध्ये यावर ‘डिस्को अँड अॅटॉमिक वॉर’ नावाचा माहितीपट काढला. त्यात हे सगळं मजेत सांगितलं आहे. पण पत्र वाचून आपल्याच डोक्यात मालिका उभी करणाऱ्या त्या गावाकडच्या माणसांचा विचार केला की मला हसू येत नाही. केवळ शे-दोनशे किलोमीटर दक्षिणेला जन्मल्यामुळे त्यांची खिडकी बंद होती.

‘डॅलस’चाच आणखी एक धडा आहे. तमार लीबेस आणि एलिहू काट्झ या दोन अभ्यासकांनी १९८०च्या दशकात इस्राएलमध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना घरी, शेजाऱ्यांसोबत बसवून ‘डॅलस’चा भाग दाखवला आणि मग गोष्ट सांगायला लावली. अरब आणि मोरोक्कोहून आलेल्या ज्यू लोकांनी कोण कुणाचा भाऊ, कोणी कुणाचा हक्क मारला अशी नात्यागोत्याची गोष्ट सांगितली. रशियातून आलेल्यांनी गोष्ट बाजूला ठेवली आणि हे दाखवण्यामागे हेतू काय, याची चर्चा केली. जन्मभर सरकारी टीव्ही पाहिलेली माणसं ती! लॉस एंजलीसच्या अमेरिकी प्रेक्षकांनी पात्रांच्या मनाचा ठाव घेतला. जपानमध्ये तर ही मालिका सपशेल पडली. त्याच जपाननं १९८३मध्ये ‘ओशिन’ ही गरीब मुलीच्या कष्टांची मालिका केली आणि ती इराण, थायलंडसारख्या कितीतरी देशांनी डोळे पुसत पाहिली. तेव्हा परदेशी मालिका आली की संस्कृती बुडाली, असं म्हणायचं कारण नाही. बाहेरची गोष्ट माणूस आपल्याच घरात बसून, आपल्याच हिशेबानं पाहतो.

आता तिसरं ठिकाण, आपल्या घरचं. लाहोर आणि अमृतसर यांच्यात पन्नासेक किलोमीटर. पाकिस्तानचा टीव्ही लाहोरलाच २६ नोव्हेंबर १९६४ला सुरू झाला. अमृतसरला आपलं केंद्र १९७३मध्ये आलं. १९६५च्या युद्धानंतर पाकिस्तानच्या चित्रपटगृहांत हिंदी सिनेमांना बंदी झाली होती. म्हणजे लाहोरच्या माणसाला हिंदी सिनेमा पाहायचा तर अमृतसरच्या मनोऱ्याचाच आधार. आणि अमृतसरच्या माणसाला ओढ होती ती पाकिस्तानी नाटकांची, म्हणजे तिकडच्या मालिकांची. लाहोरच्या गच्चीवरची अँटेना पूर्वेला वळलेली, अमृतसरच्या गच्चीवरची पश्चिमेला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पंजाबी दोन्हीकडे तीच, पण इकडे ती गुरुमुखी लिपीत लिहितात आणि तिकडे फारसी वळणाच्या लिपीत. फाळणीनंतर वाढलेल्या पिढीला एकमेकांची वर्तमानपत्रं हातात पडली असती तरी वाचता आली नसती. टीव्हीला लिपी लागत नाही. ऐकलं की कळलं. फाळणीनं जे छापील कागदावर तोडलं होतं, ते टीव्हीच्या पडद्यावर पुन्हा जोडलं जात होतं. एका घराला दुसऱ्या घरातलं लग्न, सासू-सुनेचं बोलणं, चहाचे पेले दिसत होते. सरकारी बातम्यांत शत्रू आणि त्यानंतरच्या मालिकेत शेजारी, असं दुहेरी दर्शन दोन्हीकडे रोज होत होतं.

मुंबईला ही नाटकं लहरींनी नाही, तर कॅसेटच्या रूपानं आली. १९८०च्या दशकात गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ररी निघाल्या होत्या. तिथे हिंदी सिनेमांच्या शेजारी ‘अनकही’, ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’ यांच्या कॅसेट मिळत. प्रतीवरून प्रत काढून चित्र पुसट झालेलं असे, तरी आमच्या आईला त्यातली माणसं आवडत. ‘यांच्यात कुणी ओरडत नाही गं,’ हे तिनं शेजारणीपाशी केलेलं रसग्रहण. या तिन्ही मालिका कराचीच्या लेखिका हसीना मोईन यांच्या. राज कपूर यांनी योजलेल्या आणि त्यांच्यानंतर १९९१मध्ये पडद्यावर आलेल्या ‘हिना’चे संवाद त्यांनीच लिहिले. बंदी असलेल्या दोन देशांमधली ही देवघेव कॅसेटच्या फितीवरून झाली होती.

१९९१मध्येच आकाशातून ‘स्टार’ आला. हाँगकाँगमधून सोडलेले कार्यक्रम एशियासॅट उपग्रहावरून आखातापासून चीनपर्यंत एकाच वेळी पडू लागले. आपल्या गच्च्यांवर काटेरी अँटेनांच्या जागी थाळ्या आल्या, केबलवाला घरचा झाला. ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ दुपारी लागू लागल्या. वाटलं, आता दिशेचा प्रश्नच मिटला. १९९३मध्ये ‘स्टार’ विकत घेतलेल्या रूपर्ट मरडॉक यांनी, संपर्काची नवी साधनं हुकूमशाही राजवटींना धोका आहेत अशा अर्थाचं भाषण लंडनला केलं. चीननं थोड्याच दिवसांत खाजगी थाळ्यांवर बंदी घातली. आणि एप्रिल १९९४मध्ये काय झालं? चीनच्या बाजूला पडणाऱ्या किरणातून बीबीसीची वाहिनी काढून टाकण्यात आली. उपग्रहाचे दोन किरण होते. दक्षिणेकडचा भारतावर पडे, त्यात बीबीसी दिसत राहिली. उत्तरेकडच्या किरणात ती दिसेनाशी झाली. छपरांवर मुलं चढवून जे पूर्व जर्मनीला जमलं नाही, ते इथे एका बटणानं झालं.

आज टीव्ही मोबाइलवर आला आहे. नेटफ्लिक्सनं जानेवारी २०१६मध्ये भारतासह १३० देशांत एकदम दुकान उघडलं, तेव्हा सारं जग एकाच पडद्यापुढे बसणार असं वाटलं होतं. तुमचा मुलगा किंवा पुतणी दुबईत, न्यू जर्सीत असेल तर एकदा फोनवर बोलता बोलता दोघांनी एकच ॲप उघडून पाहा. यादी वेगळी दिसेल. कार्यक्रमांचे हक्क देशागणिक विकले जातात आणि तुम्ही कुठल्या देशातून जोडले गेला आहात, ते यंत्राला कळतं. युरोपीय संघाला तर एप्रिल २०१८पासून नियम करावा लागला, की आपल्या देशात पैसे भरलेला ग्राहक संघातल्याच दुसऱ्या देशात थोड्या दिवसांसाठी गेला तर त्याला घरचे कार्यक्रम दिसले पाहिजेत. सरहद्दी पुसल्या जाणार असं ज्याच्याबद्दल म्हटलं गेलं, त्यात सरहद्द इतकी बारीक आखलेली आहे की मे महिन्यातली हवासुद्धा ती ओलांडू शकत नाही.

लाहोर-अमृतसरचंच पाहा. २०१४च्या जूनमध्ये आपल्याकडे ‘जिंदगी’ ही वाहिनी निघाली आणि ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’ या पाकिस्तानी मालिका मुंबई-पुण्याच्या घरांत रीतसर दिसल्या. सप्टेंबर २०१६मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या बंद झाल्या. ऑक्टोबरात पाकिस्ताननं तिकडच्या वाहिन्यांवर भारतीय कार्यक्रमांना बंदी घातली. ती मध्यंतरी उठली आणि २०१८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लागू केली. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानचे कितीतरी यूट्यूब चॅनेल भारतात दिसेनासे झाले आणि मे महिन्यात ओटीटी कंपन्यांना पाकिस्तानी कार्यक्रम काढून टाकायला सांगण्यात आलं.

निरपराध माणसं मारली गेल्यावर संताप येणारच. तो मलाही येतो. त्या दिवसांत शेजाऱ्याची मालिका पाहायची कुणाची इच्छा नसेल, तर तेही मी समजू शकतो. माझं म्हणणं इतकंच आहे की १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धं होऊनही अमृतसर-लाहोरच्या गच्च्यांवरचा हा व्यवहार पुढे वीस-पंचवीस वर्षं चालला. तो कुणाच्या परवानगीनं सुरू झाला नव्हता, म्हणून कुणाला तो बंद करता आला नाही. अँटेना कुठे वळवायची ते घरचा माणूस ठरवत होता. पाहायचं की नाही, हेही तोच ठरवत होता. आज हा निर्णय त्याच्या गच्चीवर होत नाही, आणि निर्णय झाल्याचं त्याला कळतही नाही. बंद झालेल्या वाहिनीच्या जागी पूर्वी निदान मुंग्या दिसत. आता ती यादीतच नसते. जे यादीत नाही, त्याची आठवण तरी कशी येणार? एस्टोनियाच्या दक्षिणेकडच्या लोकांना आपली खिडकी बंद आहे हे ठाऊक होतं, म्हणून ते पत्रांची वाट पाहत. ड्रेस्डेनकरांना लोक अजाण म्हणत, पण आपल्याला काय दिसत नाही ते त्यांना पक्कं माहीत होतं.

जुने मनोरे आता थकले. फिनलंडनं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण २००७मध्ये थांबवलं. आपल्या दूरदर्शनचे तसे मनोरेही मार्च २०२२पर्यंत मोजके वगळता बंद झाले. आमच्या दादरच्या इमारतीच्या गच्चीवर मात्र एक लोखंडी नळी पाण्याच्या टाकीला तारेनं बांधलेली अजून उभी आहे. अँटेना कधीच गळून पडली. गेल्या मे महिन्यात मी वर गेलो होतो. सोसायटीच्या मुलांनी विचारलं, ‘काका, हे कशासाठी?’ मी त्यांना वरळीकडे हात करून दाखवला आणि मग, सवयीनंच, समुद्राकडे.